मासा नक्की कुणासाठी रंगतो? आधी डोळा की आधी रंग?

पाणभिंग

पाण्याखालच्या माशांचे जे झगझगीत फोटो आपण पाहतो, त्यातले बरेचसे रंग फ्लॅशने आणलेले असतात. तीस मीटर खोलीवर लालभडक दिसणारा मासा फ्लॅश बंद केला की काळपट राखाडी होतो. स्वच्छ समुद्राच्या पाण्यात लाल प्रकाश पहिल्या दहा-एक मीटरांतच बहुतेक संपतो, मग नारिंगी, मग पिवळा. सगळ्यात खोलवर पोचतो तो निळा, साधारण ४७५ नॅनोमीटरच्या आसपासचा. म्हणजे त्या खोलीवर लाल असणं हा नटण्याचा नव्हे, लपण्याचा प्रकार आहे.

तेव्हा माशाच्या रंगाबद्दल बोलताना तीन गोष्टी एकत्र धराव्या लागतात: वरून येणारा प्रकाश, मधलं पाणी आणि बघणाऱ्याचा डोळा. आपण नेमकी तिसरी विसरतो आणि आपलाच डोळा तिथे बसवतो.

डोळ्याचं थोडक्यात. दृष्टिपटलावरच्या पेशींत ऑप्सिन नावाची प्रथिनं असतात. त्यांना जीवनसत्त्व अ पासून बनलेला एक रेणू चिकटलेला असतो आणि प्रकाश पडला की तो वाकतो. ऑप्सिनमधली एक-दोन अमिनो आम्लं बदलली की पेशी कुठल्या तरंगलांबीला जास्त दाद देते ते सरकतं. पृष्ठवंशीयांच्या पूर्वजांकडे रंगाच्या शंकूपेशींसाठी चार प्रकारची ऑप्सिनं होती: अतिनील, निळा, हिरवा आणि लाल या पट्ट्यांची. शिवाय अंधुक उजेडासाठी दंडपेशींचं एक वेगळं. बऱ्याच माशांनी आणि पक्ष्यांनी हा वारसा सांभाळला. साधा गोल्डफिश चार रंगांचा धनी आहे, त्याला अतिनीलही दिसतो. आपल्याकडे तीनच.

आता मूळ मुद्दा. आफ्रिकेतलं व्हिक्टोरिया सरोवर सुमारे १५,००० वर्षांपूर्वी कोरडं पडलं होतं. पुन्हा भरल्यावर आजवर तिथे सिक्लिड माशांच्या ५०० च्या आसपास प्रजाती झाल्या. उत्क्रांतीच्या हिशेबात हा वेळ म्हणजे काहीच नाही. त्यात पुंडामिलिया वंशातल्या दोन जवळच्या प्रजाती आहेत. एकीचा नर निळा, तो उथळ पाण्यात राहतो. दुसरीचा लाल-पिवळा, तो जरा खोल. माद्या दोन्हीकडे साधारण सारख्याच, मळकट. ओले झेहाउझेन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की खोलवरच्या माशांचं 'लाल' ऑप्सिनही आणखी लाल बाजूला सरकलेलं आहे. म्हणजे प्रकाश बदलला, डोळा बदलला आणि नराचा रंग त्यामागे गेला. या कल्पनेला 'सेन्सरी ड्राइव्ह' म्हणतात. जॉन एंडलर यांनी १९९२ मध्ये ती नीट मांडली.

माझं मत असं की प्राण्यांच्या बहुतेक भडक रंगांची गोष्ट नटणाऱ्यापासून नव्हे, बघणाऱ्यापासून सुरू करावी. पटतं का?

---

कोलांटउडी

वाचनखूण साठवली. पण एक खटकलं. वर म्हणता लाल प्रकाश खोल जात नाही. मग लगेच खाली म्हणता लाल नर खोल पाण्यात राहतो. दोन्ही कसं?

---

पाणभिंग

@कोलांटउडी, बरोबर पकडलंत, हे मीच लिहायला हवं होतं. पहिलं समुद्राचं, दुसरं गढूळ गोड्या पाण्याचं. व्हिक्टोरियाच्या पाण्यात गाळ, शेवाळ आणि कुजलेल्या वनस्पतींतली द्रव्यं भरपूर. ती निळा प्रकाश आधी गिळतात. म्हणून तिथे खाली जावं तसा उजेड नारिंगी-लालसर होत जातो आणि निळा नर तिथे विझल्यासारखा दिसेल. आफ्रिकेतल्याच मलावी सरोवराचं पाणी स्वच्छ आहे, अतिनीलसुद्धा आत जातो. तिथल्या कित्येक सिक्लिड प्रजाती अतिनील ऑप्सिन वापरतात, व्हिक्टोरियातल्या फारशा नाही. गंमत म्हणजे शंकूपेशींची ऑप्सिनं बनवणारी सातही जनुकं दोन्हीकडच्या माशांत आहेत. त्यातली साधारण तीनच एका वेळी जोरात चालवली जातात. कुठली तीन, यावर सगळा खेळ.

---

शंकासुर

धागा चांगला आहे, पण मला या गोष्टी फार गोड वाटतात. प्रकाश लाल, डोळा लाल, नर लाल: ठीक. पण एकाच ठिकाणी तीन गोष्टी दिसल्या म्हणून त्या एकामागून एक घडल्या असं कसं म्हणायचं? भक्ष्य शोधायला लाल ऑप्सिन उपयोगी पडत असेल आणि नराचा रंग तिसऱ्याच कारणाने आला असेल. मादी खरंच रंग बघून निवडते याला काही पुरावा?

आणि प्राण्यांच्या रंगांविषयी घाईने निष्कर्ष काढायची परंपरा जुनी आहे. निको टिनबर्गन यांच्या स्टिकलबॅक माशांची गोष्ट सगळ्यांना पाठ असते: विणीच्या काळात नराचं पोट लाल होतं, तो दुसऱ्या लाल पोटाच्या नरावर तुटून पडतो, खिडकीबाहेरून टपालाची लाल गाडी गेली तरी टाकीतले नर तिच्याकडे झेपावले. गोष्ट झकास. पण नंतर इतरांनी लाल प्रतिकृती वापरून प्रयोग केले तेव्हा नर दर वेळी तसे वागलेच असं नाही.

---

पाणभिंग

@शंकासुर, निवडीचा पुरावा आहे आणि तो साधा आहे. झेहाउझेन यांनीच १९९८ मध्ये या दोन प्रजातींच्या माद्यांना पांढऱ्या उजेडात दोन्ही नर दाखवले. त्यांनी आपापल्या प्रजातीचा निवडला. मग उजेड असा एकरंगी नारिंगी केला की दोन्ही नर सारखेच दिसावेत. निवड कोलमडली. आकार, वास, चाल काहीच बदललं नव्हतं.

स्टिकलबॅकवरही असाच एक प्रयोग आहे, १९९० चा, मिलिन्स्की आणि बाकर यांचा. माद्या जास्त लाल नराकडे जात होत्या. नराला परजीवीची लागण केली की त्याचा लाल फिका पडायचा आणि माद्या त्याला टाळायच्या. हिरव्या उजेडात, जिथे लाल कळतच नाही, तिथे मात्र त्यांना फरक पडेना. हा लाल रंग कॅरोटिनॉइडचा असतो. ते मासा स्वतः बनवू शकत नाही, खाण्यातूनच मिळवावं लागतं. म्हणून तो रंग तब्येतीचा दाखला म्हणून चालतो, निदान असा अंदाज आहे.

टपालाच्या गाडीबद्दल तुमच्याशी सहमत. पाठ्यपुस्तकांनी ती फारच ताणली.

---

रंगांधळा

नावावरून ओळखलंच असेल. मला लाल-हिरवा फरक जवळजवळ कळत नाही, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा. माशांकडून जरा सस्तन प्राण्यांकडे येतो, कारण आमच्या जमातीचा इतिहास तिथे आहे.

डायनोसॉरच्या काळात सस्तन प्राणी बहुधा रात्री हिंडायचे. अंधारात रंग काय कामाचे? वर सांगितलेल्या चार ऑप्सिनांपैकी दोन गेली. (प्लॅटिपसने मात्र आपल्यापेक्षा वेगळी जोडी ठेवली.) म्हणून कुत्रा, गाय, हरीण सगळे दोन रंगांवर चालतात. आफ्रिका-आशियातल्या माकडांच्या आणि आपल्या सामायिक पूर्वजांत एक्स गुणसूत्रावरच्या लाल ऑप्सिनच्या जनुकाची दुसरी प्रत निघाली आणि ती थोडी बदलून हिरव्याची झाली. तीन ते चार कोटी वर्षं झाली असावीत. दोन्ही जनुकं शेजारी-शेजारी आणि इतकी सारखी की पेशी विभागताना त्यांची अदलाबदल होते. त्यातून माझ्यासारखे निघतात. एक्स एकच असल्याने पुरुषच जास्त.

अमेरिका खंडातल्या बहुतेक माकडांत जनुक एकच, पण त्याच्या आवृत्त्या अनेक. सगळे नर दोन रंगांचे, आणि ज्या मादीच्या दोन एक्सवर दोन वेगळ्या आवृत्त्या आल्या तिला तीन रंग. एकाच कळपात बहिणी-बहिणींना जग वेगळं दिसतं! हाउलर माकडांनी मात्र तिथे स्वतंत्रपणे जनुकाची प्रत काढली आणि नर-मादी दोघेही तीन रंगांचे झाले.

आता वाघ. इतकं मोठं नारिंगी जनावर हरणांच्या डोळ्यांदेखत लपतं कसं? हरणाला नारिंगी आणि हिरवा सारखेच दिसतात. २०१९ मध्ये संशोधकांनी दोन रंगांच्या नजरेने वाघाची चित्रं तयार करून तपासलं, तो झाडीत मस्त मिसळला. सस्तन प्राण्यांच्या केसांत हिरवं रंगद्रव्य होतच नाही, फक्त काळपट-तपकिरी आणि लालसर-पिवळं अशी दोन मेलॅनिनं. वाघाला हिरवं व्हायची सोय नव्हती आणि गरजही नव्हती. मला विचाराल तर तो मलाही पटकन सापडत नाही.

---

कोलांटउडी

शेवटच्या वाक्याला +१००. प्रतिसाद स्वतंत्र धागा व्हावा.

---

जाळीदार

गप्पी मासे पाळतो, म्हणून गप्पींची बाजू मांडतो. एंडलर यांचं नाव आलंच आहे, पण त्यांचं त्रिनिदादमधलं काम सांगितल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही.

तिथल्या डोंगरी ओढ्यांत खालच्या बाजूला गप्पी खाणारे मोठे सिक्लिड असतात. धबधब्यांच्या वर ते चढू शकत नाहीत. खालचे नर फिकट, वरचे रंगीबेरंगी. हे कोणीही बघून टिपलं असतं. एंडलर यांनी पुढे जाऊन काचघरात कृत्रिम तळी केली. काहींत शिकारी सोडले, काहींत नाही. शिकारी नसलेल्या तळ्यांत पिढ्यागणिक नरांचे ठिपके वाढत गेले, शिकाऱ्यांसोबत कमी झाले. तळाशी खडी टाकली होती, काही तळ्यांत बारीक, काहींत मोठी. शिकारी असेल तिथे ठिपक्यांचा आकार खडीशी जुळायला लागला. नसेल तिथे उलट, खडीपेक्षा वेगळा. मग त्यांनी शिकाऱ्यांच्या पट्ट्यातले गप्पी गप्पी नसलेल्या वरच्या ओढ्यात नेऊन सोडले. साधारण दोन वर्षांत तिथले नर जास्त रंगीत झालेले होते. १९८० चा हा निबंध. उत्क्रांती दिसायला लाखो वर्षं लागतात म्हणणाऱ्यांना मी हाच दाखवतो.

आणि @शंकासुर, 'आधी डोळा' साठी गप्पींकडे एक छान पुरावा आहे. त्रिनिदादमध्ये झाडांवरून ओढ्यात नारिंगी फळं पडतात आणि गप्पी त्यांच्यावर तुटून पडतात. २००२ मध्ये हेलन रॉड आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या ओढ्यांतल्या गप्पींसमोर रंगीत चकत्या ठेवल्या. नर आणि माद्या दोघेही नारिंगी चकतीला जास्त टोचत होते. ज्या ओढ्यातल्यांना नारिंगी चकती जास्त आवडली, तिथल्या माद्यांना नारिंगी नरही जास्त आवडत. नराला चकतीचा उपयोग खाण्यापलीकडे काहीच नाही. तेव्हा नारिंगीची ओढ पोटातून आलेली आणि नराने तिचा फायदा घेतला, असं धरायला जागा आहे.

---

शंकासुर

हा पुरावा मला आवडला. याला उलट बाजूने तपासता येईल का? म्हणजे ज्या प्रजातीत खूण अजून आलेलीच नाही, तिथल्या मादीला ती आवडते का?

---

जाळीदार

तोच प्रयोग अलेक्झांड्रा बासोलो यांनी १९९० मध्ये केला, फक्त रंगाऐवजी शेपटीवर. स्वोर्डटेलच्या नराला शेपटीखाली तलवारीसारखं टोक असतं. त्याच्या भाऊबंद प्लॅटीला नसतं. प्लॅटीच्या नराला नकली तलवार जोडली तर प्लॅटीच्या माद्या त्यालाच पसंत करू लागल्या.

लगेच खूश होऊ नका. नंतर डीएनएवरून वंशवृक्ष काढला तेव्हा असंही निघालं की प्लॅटीच्या पूर्वजांकडे तलवार असून ती गळून गेली असेल. मग आवड जुनी की आठवण जुनी, हा वाद राहिलाच.

---

तळघर

खोल समुद्राबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून आलो. मला तिथलंच जग सगळ्यात विलक्षण वाटतं.

साधारण १,००० मीटरखाली सूर्यप्रकाश संपतो. उरतो तो प्राण्यांनी स्वतः निर्माण केलेला, बहुतेक निळा-हिरवा. म्हणून तिथल्या बऱ्याच माशांनी शंकूपेशी टाकून दिल्या आणि दंडपेशींचं एकच ऑप्सिन निळ्यावर बसवलं. सीलाकँथ हा प्राचीन वंशाचा मासाही असाच, त्याची दोन्ही ऑप्सिनं ४८० नॅनोमीटरच्या आजूबाजूला. त्याला जे दिसतं ते निळ्याच्या एका अरुंद फटीतून.

पण २०१९ मध्ये झुझाना मुसिलोवा आणि सहकाऱ्यांनी १०१ माशांचे जीनोम तपासले, तेव्हा सिल्व्हर स्पायनीफिन या खोल समुद्रातल्या माशात एकट्या दंडपेशी-ऑप्सिनची ३८ जनुकं सापडली. आपल्याकडे ते एक असतं. दंडपेशी म्हणजे रंगांधळ्या, हे आपण शाळेपासून ऐकलेलं. या माशाकडे मात्र निळ्या-हिरव्या पट्ट्यात बारीक फरकांची अनेक प्रथिनं आहेत आणि तो त्यातून अंधारातले चमचमाट वेगवेगळे ओळखत असावा.

दुसरा मॅलाकोस्टियस, ड्रॅगनफिशांपैकी. याच्या डोळ्याखाली एक अवयव आहे, तो गडद लाल प्रकाश टाकतो. आजूबाजूच्या जवळजवळ कुणालाच तो लाल दिसत नाही. एखाद्या चोराने असा टॉर्च घेऊन फिरावं की ज्याचा उजेड फक्त त्यालाच दिसतो, तसं. आता हा लाल त्याला स्वतःला तरी कसा दिसतो? नवीन लाल ऑप्सिन घडवण्याऐवजी त्याने क्लोरोफिलपासून आलेलं एक द्रव्य दृष्टिपटलात साठवलं. ते लाल प्रकाश टिपतं आणि शेजारच्या नेहमीच्या रंगद्रव्याला चेतवतं. अंधारात राहणारा मासा वनस्पतींचं हिरवं द्रव्य वापरून बघतो! बहुधा ते लहान क्रस्टेशियन, म्हणजे कोळंबीच्या जातकुळीतले जीव, खाऊन त्याच्याकडे येतं.

---

पाणभिंग

@तळघर, क्या बात. 'फक्त त्यालाच दिसतो' वरून आठवलं, उथळ पाण्यातही असे खासगी मार्ग आहेत. अंबोन डॅमसेल हा प्रवाळांतला छोटा पिवळा मासा. आपल्याला याच्यात आणि लेमन डॅमसेलमध्ये फरक सांगणं अवघड. पण त्यांच्या चेहऱ्यांवर अतिनील नक्षी असते, ठिपके आणि बारीक रेषा. उलरिके सीबेक यांनी २०१० मध्ये दाखवलं की हे मासे एकमेकांना त्या नक्षीवरून ओळखतात. अतिनील गाळला की ओळख पुसली जाते. मोठ्या शिकारी माशांच्या नेत्रभिंगातून अतिनील बहुधा आत जातच नाही, शिवाय पाण्यात तो लवकर विखुरतो. त्यामुळे निरोप जवळच्यापुरताच राहतो.

प्रवाळांतल्या त्या प्रसिद्ध पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचंही असंच. जस्टिन मार्शल यांचा मुद्दा: माशांची नजर आपल्याइतकी तीक्ष्ण नसते. जवळून पिवळा आणि निळा एकमेकांविरुद्ध उठून दिसतात. थोडं लांब गेलं की पट्टे एकमेकांत मिसळून मागच्या पाण्यासारखा रंग होतो. एकाच अंगावर जाहिरात आणि लपण, अंतर तेवढं वेगळं.

---

रंगांधळा

अवांतर: देवमासे आणि सील यांनी उरलेल्या दोनांतलं निळं ऑप्सिनही घालवलंय. निळ्या समुद्रात राहून निळ्याचं जनुक मोडीत! बऱ्याच शार्कमध्येही शंकूपेशींचा एकच प्रकार सापडला आहे. ऑक्टोपसकडे एकच प्रकारची प्रकाशपेशी, तरी तो रंगीत पार्श्वभूमीत बेमालूम मिसळतो. आणि कोळंबीसारख्या दिसणाऱ्या मॅंटिस श्रिम्पकडे रंगांसाठी बारा प्रकारच्या पेशी, पण २०१४ च्या चाचणीत जवळजवळचे रंग ओळखण्यात तो आपल्याहून कच्चा निघाला. तो बहुधा आपल्यासारखी तुलना करत बसत नाही. तेव्हा पेशी मोजून नजर ठरवू नये.

---

कोलांटउडी

मासे रंगांधळे असतात असं लहानपणी कुठेतरी वाचलं होतं. ते कुठून आलं?

---

पाणभिंग

ते एका मोठ्या माणसाचं मत होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्ल फॉन हेस हे नामवंत जर्मन नेत्रतज्ज्ञ ठामपणे सांगत की मासे आणि कीटक रंग ओळखत नाहीत. तरुण कार्ल फॉन फ्रिश यांनी मिनो माशांना एका रंगावर अन्न मिळतं असं शिकवलं आणि नंतर तो रंग करड्याच्या अनेक छटांत ठेवला. मासे बरोबर रंगाकडेच गेले. फॉन हेस यांना ते काही पचलं नाही. वाद मधमाश्यांपर्यंत गेला, तिथेही फॉन फ्रिशच खरे ठरले.

---

शंकासुर

मग निकाल काय? आधी डोळा?

---

पाणभिंग

बहुतेक वेळा हो, असंच मी म्हणेन. वर रंगांधळा यांनी सांगितलेल्या माकडांचंच बघा. तीन रंगांची दृष्टी जिथे आली, त्याच शाखांत लाल चेहरे, लाल कातडी, लालसर केस वारंवार आले. वंशवृक्षावर क्रम तपासणारा एक अभ्यास २००७ मध्ये झाला, त्यात दृष्टी आधी आणि लाली नंतर असं निघालं. दृष्टी फळांसाठी किंवा कोवळ्या पानांसाठी आली असेल, चेहऱ्यांनी ती नंतर वापरली.

पण हेलिकोनियस फुलपाखरांत गुंता आहे. त्यांच्यात अतिनील ऑप्सिनचं जनुक दुप्पट झालं आणि पंखांवर अतिनील परतवणारं पिवळं रंगद्रव्यही आलं. दोन्ही त्याच वंशशाखेत, जवळपास बरोबरीने. तिथे मी पैज लावणार नाही.

आणि निळ्याची अडचण वेगळीच. डोळ्याला हवा म्हणून रंग बनवता येतोच असं नाही. माशांतला निळा जवळजवळ नेहमी ग्वानिनच्या स्फटिकांच्या थरांतून परावर्तन होऊन येतो, रंगद्रव्य नसतं. मँडरिनफिश हा मोजक्या अपवादांपैकी एक, त्याच्या त्वचेत खऱ्या निळ्या रंगद्रव्याच्या पेशी आहेत.

---

शंकासुर

मान्य, 'बहुतेक वेळा' या शब्दांवर. डोळा बदलण्याचा खर्चही धरा म्हणजे झालं. मेक्सिकोच्या गुहांतल्या आंधळ्या माशांवर आणि त्यांच्या बाहेरच्या डोळस भाऊबंदांवर २०१५ मध्ये मोजमाप झालं. एक ग्रॅमच्या डोळस माशाच्या विश्रांतीच्या ऊर्जेपैकी सुमारे १५ टक्के डोळे आणि मेंदूचा दृष्टीचा भाग मिळून खातात. अंधारात डोळे का गेले याचं उत्तर बरंचसं त्यात आहे.

---

तळघर

व्हिक्टोरियाचं पुढे काय झालं तेही कुणीतरी लिहा.

---

पाणभिंग

वाईट झालं. किनाऱ्यावरून येणाऱ्या पोषक द्रव्यांनी शेवाळ वाढलं, पाणी गढूळलं. झेहाउझेन यांचा १९९७ चा निबंध त्यावरच होता: जिथे पाणी गढूळ तिथे नरांचे रंग फिके, रंगांच्या तऱ्हा कमी आणि प्रजातीही कमी. पुंडामिलियाच्या जोडीचंही तेच. स्वच्छ पाण्याच्या बेटांपाशी लाल आणि निळे वेगळे, गढूळ किनाऱ्यांपाशी मधल्याच रंगांचे संकर. त्यांच्यात पिल्लं व्हायला शारीरिक अडचण कधीच नव्हती, मादीची नजर तेवढी मध्ये होती. बाहेरून आणून सोडलेल्या नाईल पर्च या मोठ्या शिकारी माशाने खाल्ले ते वेगळेच.

---

जाळीदार

मग माझ्यासारख्यांनी टाकीवर कुठला दिवा लावावा? दुकानात 'रंग खुलवणारे' गुलाबी-जांभळे दिवे मिळतात.

---

पाणभिंग

ते दिवे तुमच्या डोळ्यांसाठी आहेत, माशांच्या नाही. पिल्लं वाढवत असाल तर दिवसाच्या उजेडाशी मिळताजुळता पांढरा दिवा घ्या आणि तोच कायम ठेवा. ब्लूफिन किलिफिशवरच्या प्रयोगांत स्वच्छ आणि तपकिरी पाण्यात वाढवलेल्या माशांत ऑप्सिन जनुकांची चलती वेगवेगळी निघाली होती, म्हणजे टाकीचा उजेड डोळ्यापर्यंत पोचतो. गप्पींच्या माद्यांना नर निवडू द्यायचे असतील तर सकाळी आणि संध्याकाळी थोडा वेळ दिवा मंद ठेवून बघा. एंडलर यांच्या नोंदींत त्रिनिदादचे नर त्याच वेळी जास्त मिरवतात.